वाळूचे नमुने आणि तुलनेचे गणित

कोकणच्या किनाऱ्यावरून वाळूचे चाळीस नमुने आणले, असे धरू. काही पावसाळ्यापूर्वीचे, काही नंतरचे; काही भरतीच्या रेषेजवळचे, काही ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यातले. प्रत्येक नमुना धुऊन वाळवला, चाळण्यांच्या चळतीत घातला, यंत्रावर हलवला आणि कुठल्या चाळणीवर किती ग्रॅम राहिले ते मांडले. हाती चाळीस तक्ते आले. आता प्रश्न असा : यातली कुठली वाळू कुठल्या वाळूसारखी, कुठली वेगळी, आणि पावसाळ्याने वाळू खरोखर बदलली का?

धरणातला गाळ तपासणाऱ्याला, शेतजमिनीचा पोत ठरवणाऱ्याला, सिमेंट दळणाऱ्याला, औषधाची भुकटी करणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो. गेल्या सव्वाशे वर्षांत त्यावर भरपूर काम झाले आहे आणि सूत्रांची वाण कधीच नव्हती. तरीही अनेक तुलना फसतात. माझ्या मते त्या बहुतेक वेळा एकाच जागी फसतात : आपल्या हाती स्वतंत्र पुरावे नेमके किती आहेत, हे न ठरवताच गणित सुरू होते.

आधी मोजपट्टी पाहू. वाळूचे कण मिलिमीटरच्या सोळाव्या भागापासून दोन मिलिमीटरपर्यंतचे. त्याखाली गाळाचे बारीक कण, त्याहीखाली चिकणमाती. हे सारे साध्या पट्टीवर मांडले तर बारीक कण एका कोपऱ्यात दाटीने बसतात आणि उरलेली पट्टी जाड्याभरड्या कणांसाठी रिकामी राहते. म्हणून योहान उडेन यांनी 1898 मध्ये दर पायरीला निम्म्यावर येणारी श्रेणी सुचवली. चेस्टर वेंटवर्थ यांनी 1922 मध्ये तिच्या पायऱ्यांना आज प्रचलित असलेली नावे दिली आणि 1934 मध्ये विल्यम क्रुंबाइन यांनी तिला फाय ही लॉगरिथमची पट्टी जोडली. एक मिलिमीटर म्हणजे शून्य फाय, अर्धा मिलिमीटर म्हणजे एक, पाव म्हणजे दोन. कण बारीक होत जातो तसा आकडा वाढतो. ही पट्टी आली आणि वाळूचे वक्र एकदम वाचण्याजोगे झाले.

त्यानंतरची काही दशके एकाच खटपटीत गेली : अख्खा वक्र दोन-चार आकड्यांत कसा बसवायचा? ट्रास्क यांनी 1932 मध्ये, इनमन यांनी 1952 मध्ये आपापली सूत्रे दिली. रॉबर्ट फोक आणि विल्यम वॉर्ड यांनी 1957 मध्ये टेक्सासमधल्या ब्राझोस नदीच्या वाळूपट्ट्यावर काम करताना मांडलेली सूत्रे मात्र जगभर रुजली. संचयी वक्रावरून 16, 50 आणि 84 टक्क्यांचे फाय आकडे वाचायचे, त्यांची बेरीज करून तीनने भागायचे, की सरासरी मिळते. अशाच काही आकड्यांवरून पसारा, एका बाजूला झुकलेपणा आणि शिखराचा टोकदारपणा काढायचा. 2001 मध्ये सायमन ब्लॉट आणि केनेथ पाय यांनी हे सगळे हिशेब करणारी ग्रॅडिस्टॅट नावाची तयार वर्कशीट दिली आणि आकडेमोडीचा त्रासच संपला.

या पद्धतीचे ऋण मोठे आहे. चाळीस तक्त्यांच्या जागी चाळीस ओळी आणि चार स्तंभ उरतात. मग नेहमीच्या चाचण्या लावता येतात, नकाशावर सरासरीच्या रेषा काढता येतात. पण अनेक किनाऱ्यांवर बारीक वाळूत शिंपल्यांचे जाड तुकडे मिसळलेले असतात. अशा नमुन्याच्या वक्राला दोन शिखरे असतात आणि त्याची सरासरी दोन शिखरांच्या मधल्या खळग्यात पडते. म्हणजे ज्या आकाराचे कण त्या नमुन्यात सर्वांत कमी, तोच आकार त्याचा प्रतिनिधी ठरतो.

याचे अधिक नेमके उदाहरण बांधकामाच्या वाळूत सापडते. साइटवर ज्याला सगळे एफएम म्हणतात, तो फाइननेस मॉड्युलस डफ एब्राम्स यांनी 1918 मध्ये शिकागोत काँक्रीटवर प्रयोग करताना मांडला. 4.75, 2.36, 1.18 मिलिमीटर आणि 600, 300, 150 मायक्रॉन या चाळण्यांवर राहिलेल्या वाळूची संचयी टक्केवारी बेरजेला घ्यायची आणि शंभराने भागायचे. आता उदाहरणादाखल दोन नमुने घेऊ. पहिल्याची संचयी टक्केवारी त्याच क्रमाने 5, 15, 35, 55, 80, 95. दुसऱ्याची 10, 24, 38, 50, 71, 92. दोन्हींची बेरीज 285, म्हणजे दोन्हींचा एफएम 2.85. आयएस 383 या भारतीय मानकाच्या तक्त्याशी ताडून पाहिले तर दोन्ही नमुने झोन दोनमध्ये चोख बसतात. कागदावर दोन्ही वाळू एकच.

प्रत्यक्षात दुसऱ्या नमुन्यात जाड कण जास्त आहेत, अगदी बारीकही जास्त आहेत आणि मधला भाग कमी पडला आहे. 4.75 मिलिमीटरच्या चाळणीवर पहिल्यात 5 टक्के राहतात, दुसऱ्यात 10. तिकडे 300 मायक्रॉनच्या चाळणीतून पहिल्याचे 20 टक्के खाली जातात, दुसऱ्याचे 29. काँक्रीट किती पाणी मागते, मिसळलेला माल किती सहज सरकतो, हे अशा फरकावर अवलंबून असते. एफएम हे लपवतो, कारण या चाळण्या एकीपेक्षा दुसरी जवळपास निम्मी अशा आहेत आणि त्यामुळे एफएम म्हणजे लॉगरिथमच्या पट्टीवरची सरासरीच ठरते. एब्राम्स यांनी क्रुंबाइन यांच्या सोळा वर्षे आधी तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने गाठली होती. सरासरी सारखी असली म्हणजे वितरण सारखे असते, असे मात्र मुळीच नाही.

मग अख्ख्या वक्रांचीच तुलना करू, असे म्हणून बहुतेक जण कोल्मोगोरोव-स्मिर्नोव चाचणीकडे वळतात. 1930 च्या दशकातली ही चाचणी दिसायला अगदी सोपी आहे. दोन संचयी वक्र एकावर एक ठेवायचे, त्यांच्यातले सर्वांत मोठे उभे अंतर मोजायचे आणि ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे का ते पाहायचे. आपल्या दोन नमुन्यांत हे अंतर 9 टक्के. मर्यादा काढायला निरीक्षणांची संख्या लागते आणि अडचण इथेच येते. सूत्रात संख्या म्हणून काय घालायचे?

टक्केवारी शंभरपैकी आहे म्हणून शंभर घातले, तर पाच टक्के जोखमीला मर्यादा येते सुमारे 19 टक्के. फरक 9 चा, म्हणून निकाल : वाळू सारखी. प्रत्येक नमुना 500 ग्रॅमचा होता म्हणून 500 घातले, तर मर्यादा येते 8.6 टक्के. निकाल : वाळू वेगळी. आणि चाचणी तर कणांची आहे म्हणून कणच मोजायचे ठरवले, तर? क्वार्ट्झचा अर्ध्या मिलिमीटरचा गोल कण सुमारे 0.17 मिलिग्रॅमचा असतो. 500 ग्रॅममध्ये असे जवळजवळ 29 लाख कण मावतात. मर्यादा घसरते 0.11 टक्क्यावर. मग एकाच पिशवीतून काढलेल्या दोन ओंजळीही वेगळ्या ठरतील, कारण पिशवी हाताळताना वाळूची थोडीफार विभागणी होतेच.

वाळू तीच, तक्ते तेच, निकाल मात्र वजनाचे एकक बदलले की फिरतो. ग्रॅमऐवजी मिलिग्रॅम लिहिले की पुरावा हजारपट वाढतो, असे कुठल्याही शास्त्रात चालणार नाही. काय-वर्ग चाचणीचीही हीच गत आहे. चाळणीवरचे वजन ही गणती नाही. दोन मिलिमीटरचा एक कण अर्ध्या मिलिमीटरच्या 64 कणांइतका जड असतो, त्यामुळे वजनाची टक्केवारी आणि कणसंख्येची टक्केवारी यांचे वक्रच वेगळे. शिवाय एका पिशवीतले कण परस्परांपासून स्वतंत्र नसतात. ते एकाच लाटेने, एकाच जागी, एकाच दिवशी आणून टाकलेले असतात. लाखो कण मोजले तरी त्यातून त्या एकाच जागेबद्दल कळते.

एकक कण नाही, नमुना आहे. हे एवढे मान्य केले की निम्मा गोंधळ मिटतो. पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये याच दोषाला नाव देऊन त्यावर सविस्तर लिहिले. एकाच जागेवरची अनेक मोजमापे स्वतंत्र पुरावे म्हणून खपवणे हा तो दोष. त्यांचा रोख क्षेत्रप्रयोगांवर होता, पण वाळूच्या अभ्यासाला तो तंतोतंत लागू पडतो. एका किनाऱ्यावरच्या एकाच खड्ड्यातून दहा पिशव्या भरल्या, तर त्या किनाऱ्याचे दहा नमुने होत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न हवा तो असा : जे सारखे असायला हवे, त्यातच किती फरक पडतो? एक नमुना चौथाई करून दोनदा चाळला तर किती फरक येतो. त्याच पट्ट्यात मीटरभर अंतरावर दुसरा नमुना घेतला तर किती. त्याच किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला किती. फरकाचे हे थर एकात एक बसलेले असतात आणि आजची मिश्र प्रतिमाने ते वेगवेगळे काढून दाखवतात. एकाच खाणीतून एकाच दिवशी आलेल्या दोन गाड्यांच्या वाळूत 9 टक्क्यांचे अंतर नेहमीच पडत असेल, तर आपल्या दोन नमुन्यांतल्या 9 टक्क्यांना काही अर्थ नाही. ते नेहमी दोनच टक्के असेल, तर या 9 टक्क्यांची दखल घ्यायलाच हवी. चाचणीच्या पुस्तकातल्या कुठल्याही कोष्टकात हे उत्तर सापडणार नाही. ते दुबार नमुन्यांतूनच मिळते आणि दुबार नमुने घेणे हेच बहुतेक अभ्यासांत राहून जाते.

पावसाळ्याच्या प्रश्नालाही हे लागू आहे. कोकणात जूनपासूनच्या मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू खोल पाण्याकडे ओढून नेतात आणि समुद्र शांत झाला की ती हळूहळू परत येते. अशा वेळी मेचे वीस नमुने एका गठ्ठ्यात आणि सप्टेंबरचे वीस दुसऱ्यात टाकून तुलना करणे म्हणजे हातचे गमावणे आहे. जागा त्याच असतील, तर प्रत्येक जागेचा मे आणि सप्टेंबरमधला फरक काढावा आणि त्या वीस फरकांकडे पाहावे. जागाजागांतला जन्मजात फरक त्यामुळे वजा होतो.

दुसरी मोठी अडचण टक्केवारीचीच आहे. सगळ्या चाळण्यांची बेरीज शंभर. एक भाग वाढला की दुसरा कुठला तरी कमी झालाच पाहिजे, मग निसर्गात काही घडलेले असो वा नसो. समुद्राने नुसती जाड वाळू आणून टाकली, बारीक वाळूला हातही लावला नाही, तरी बारीक वाळूची टक्केवारी घटलेली दिसेल. कार्ल पिअर्सन यांनी 1897 मध्येच सावध केले होते, की समान भाजकाने काढलेल्या गुणोत्तरांत खोटा सहसंबंध उगवतो. भूविज्ञानात फेलिक्स चेझ यांनी 1960 च्या सुमारास हा मुद्दा लावून धरला. उपाय मात्र जॉन एचिसन यांच्या 1982 च्या निबंधातून आणि 1986 च्या पुस्तकातून मिळाला. टक्केवारीऐवजी भागांची परस्परांशी गुणोत्तरे घ्यायची आणि त्यांचा लॉगरिथम घ्यायचा. मग बेरजेचे बंधन सुटते आणि नेहमीची बहुचल तंत्रे निर्धास्त वापरता येतात. 2003 मध्ये एगोस्क्यू, पावलोव्स्की-ग्लान आणि सहकाऱ्यांनी त्याला आणखी सोयीचे रूप दिले.

ही वाट मला तत्त्वतः पटते, पण डोळे झाकून नाही. शून्याचा लॉगरिथम नसतो आणि वाळूच्या तक्त्यांत शून्ये पुष्कळ असतात. तिथे एखादा छोटा आकडा घालायचा किंवा शेजारच्या दोन चाळण्या एकत्र करायच्या, असे मार्ग आहेत. छोटा आकडा घातला, तर तो कुठला घातला यावर निकाल हलतो. शिवाय गुणोत्तराच्या हिशेबात 0.1 चे 0.2 टक्के होणे आणि 20 चे 40 होणे सारखेच मोठे. तळाच्या भांड्यात उरलेली चिमूटभर धूळ, जिच्या वजनातच निम्मी चूक असू शकते, ती मग अख्ख्या निकालाचे सुकाणू धरते. टोकाचे अतिलहान भाग आधी एकत्र केल्याशिवाय ही पद्धत वापरू नये.

अंतर मोजण्याच्या कामात भारतीय संख्याशास्त्राचा वाटा मोठा आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1936 मध्ये मांडलेले अंतर परस्परांत गुंतलेल्या अनेक मापांचा एकत्र विचार करते. सरासरी, पसारा, झुकलेपणा हे आकडे वाळूत एकमेकांना धरून चालतात, तिथे ते उपयोगी पडते. थेट टक्केवारीला ते लावता येत नाही, कारण बेरीज शंभरावर बांधलेली असल्याने हिशेबातल्या सारणीचा व्यस्तच निघत नाही. दोन वितरणांमधले अंतर मोजायला अनिलकुमार भट्टाचार्य यांनी 1943 मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध केलेले माप आजही जगभर वापरात आहे. आपल्या दोन नमुन्यांचा भट्टाचार्य गुणांक 0.98 येतो, पूर्ण साम्य असते तर एक आला असता.

मात्र या मापाला, काय-वर्गाला आणि एचिसन यांच्या अंतरालाही चाळण्यांचा क्रम कळत नाही. तक्त्यातले स्तंभ वाटेल तसे उलटेपालटे केले तरी उत्तर तेच राहते. वाळूचा एक वाटा शेजारच्या चाळणीवर सरकला काय किंवा थेट तळाच्या भांड्यात गेला काय, त्यांना दोन्ही एकच. वाळू अभ्यासणाऱ्याला ते एक कसे असेल?

म्हणून गेल्या काही वर्षांत वासरश्टाइन अंतराकडे लक्ष वळले, ते मला योग्य वाटते. त्याची मूळ कल्पना गास्पार मोंज यांची, 1781 ची आणि तीही खऱ्याखुऱ्या मातीवरून आलेली : खणलेली माती भरावापर्यंत कमीत कमी श्रमात कशी न्यावी? आपल्यापुरते ते दोन संचयी वक्रांमधले क्षेत्रफळ आहे. दोन नमुन्यांतले चाळणीनिहाय फरक 5, 9, 3, 5, 9, 3. बेरीज 34, म्हणजे अंतर 0.34. पहिली वाळू दुसरीसारखी करायची तर तिचे वजन सरासरीने एका चाळणीच्या सुमारे एक-तृतीयांश पायरीइतके सरकवावे लागेल. हे वाक्य कुठल्याही साइट इंजिनिअरला समजते. एफएममध्ये हेच फरक चिन्हांसह बेरजेला जातात आणि शून्य उरते.

चाळीस नमुन्यांचे सगळे जोड तपासायचे म्हटले तर ते 780 भरतात. कुठल्याही दोन नमुन्यांत खरा फरक नसला तरी पाच टक्के जोखमीला सरासरी 39 जोड वेगळे दिसतील. बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांच्या 1995 च्या पद्धतीने अशा खोट्या शोधांचे प्रमाण आवरता येते. त्याहून बरे म्हणजे जोडीजोडीने तपासायचेच नाही. सगळी अंतरे एका सारणीत मांडावी आणि गटांमधले अंतर गटांतल्या अंतरापेक्षा मोठे आहे का, हे नमुन्यांवरच्या गटाच्या चिठ्ठ्या हजारो वेळा पिसून पाहावे. मार्टी अँडरसन यांनी 2001 मध्ये मांडलेली ही पद्धत सागरी जीवशास्त्रात रूढ आहे आणि वाळूलाही छान चालते. दोन पथ्ये पाळायची. प्रश्न किनाऱ्यांचा असेल तर चिठ्ठ्या किनाऱ्यांच्याच पिसायच्या, पिशव्यांच्या नाही. आणि गटांचा मध्य सारखा असूनही एक गट जास्त विखुरलेला असेल, तरी ही चाचणी फरक दाखवू शकते, हे निकाल वाचताना लक्षात ठेवायचे.

वक्राला एखादे सूत्र बसवून त्याच्या गुणांकांची तुलना करणे हा वेगळा पंथ. दळलेल्या कोळशासाठी रोझिन आणि रामलर यांनी 1933 मध्ये असे सूत्र दिले. खडक पुन्हा पुन्हा फुटत गेला तर कणांचे वितरण लॉगनॉर्मल का होते, हे कोल्मोगोरोव यांनी 1941 मध्ये सिद्ध केले. त्याच वर्षी राल्फ बॅग्नोल्ड यांचे वाळवंटी वाळूवरचे पुस्तक आले. दोन्ही अक्षांवर लॉगरिथम घेतला की वाळूच्या वक्राच्या दोन्ही बाजू सरळ रेषांकडे झुकतात, हे त्यांच्या नजरेने टिपले. त्याचे गणिती रूप डेन्मार्कच्या ओले बार्नडॉर्फ-नील्सन यांनी 1977 मध्ये दिले आणि हे वितरण पुढे शेअरबाजाराच्या अभ्यासातही गेले. फोडलेल्या खडीला, वाऱ्याने निवडलेल्या वाळूला ही सूत्रे शोभतात. मिश्र किनाऱ्याला बळेच बसवू नयेत.

मिश्रणासाठी याहून चांगला मार्ग आहे. अनेक नमुने हे मोजक्याच मूळ वितरणांचे वेगवेगळ्या प्रमाणातले मिश्रण आहेत, असे धरायचे आणि नमुन्यांच्या संचातूनच ती मूळ वितरणे शोधायची. गर्ट वेल्टये यांनी 1997 मध्ये ही पद्धत मांडली. दोनच वर्षांनी मार्टेन प्रिन्स यांच्यासह त्यांनी ती अरबी समुद्राच्या तळातल्या गाळावर वापरली. वाऱ्याने उडून आलेली धूळ कोणती, नद्यांनी आणलेला गाळ कोणता आणि त्यांचे प्रमाण काळानुसार कसे बदलले, हे त्यांनी वेगळे केले. इथे नमुन्यांची मोठी संख्या अडचण न राहता बळ होते. एका वक्रातून जे कधीच दिसले नसते, ते शेकडो वक्र एकत्र ठेवल्यावर दिसते. मूळ वितरणे किती मानायची, हा निर्णय मात्र अभ्यासकाचा राहतो आणि त्याने तो उघड सांगितला पाहिजे.

उपकरणांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. चाळणी कणाची मधली जाडी मोजते, पिपेट पद्धत त्याचा बुडण्याचा वेग मोजते, लेसर यंत्र विखुरलेल्या प्रकाशावरून गोल कण गृहीत धरून आकारमान काढते. चिकणमातीचे कण पत्र्यासारखे चपटे असतात, त्यामुळे लेसर त्यांना मोठे दाखवतो. कोनर्ट आणि वांडेनबर्घ यांनी 1997 मध्ये दाखवले, की पिपेटच्या दोन मायक्रॉनच्या सीमेला लेसरची सुमारे आठ मायक्रॉनची सीमा जुळते. निम्मे नमुने एका पद्धतीने आणि निम्मे दुसरीने मोजलेले असतील, तर जो फरक निघेल तो यंत्रांचा असेल. घनतेचेही तसेच. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्याची घनता सुमारे 4.7 आणि क्वार्ट्झची 2.65. एकाच आकाराचा कण पावणेदोन पट जड. काळ्या थराचा नमुना आणि शेजारच्या फिक्या वाळूचा नमुना वजनाच्या टक्केवारीने ताडून पाहिला, तर खनिजातला फरक आकारातला फरक म्हणून मोजला जातो.

पुढची दिशा अख्ख्या वक्राला एकच निरीक्षण मानण्याची आहे. त्याच्या जोरावर मेनाफोलिओ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये भूजलधारक थरांतल्या कणवक्रांचा, मोजमाप न झालेल्या जागीसुद्धा, अंदाज बांधून दाखवला. गणित जड आहे, पण वापरायला आता तयार प्रणाली आहेत. माझा क्रम मात्र साधा राहील : सगळे वक्र आधी एकाच आलेखावर काढून डोळ्यांनी पाहावेत, दुबार नमुन्यांवरून नेहमीचा फरक ठरवावा, मग वासरश्टाइन अंतर आणि योग्य पातळीवरची पिसणी. सरासरी आणि पसारा वर्णनासाठी द्यावेत, निकालासाठी नाही.

हे सगळे शक्य होण्यासाठी मूळ आकडे उपलब्ध हवेत. प्रबंधांत, प्रकल्प अहवालांत, साइटच्या नोंदवहीत नुसता मध्यक किंवा एफएम राहतो आणि चाळणीवरचे आकडे रद्दीत जातात. पुढच्या अभ्यासकाला त्यातून काहीही करता येत नाही. म्हणून प्रयोगशाळांना आणि मार्गदर्शकांना विनंती आहे : परिशिष्टात प्रत्येक नमुन्याचे सुरुवातीचे वजन, प्रत्येक चाळणीवर राहिलेले ग्रॅम, नमुना घेतल्याची जागा आणि तारीख द्या, आणि दर दहा नमुन्यांमागे किमान एक दुबार नमुना घेऊन त्याचाही तक्ता जोडा.